चर कुठल्या बाजूला खणायचा?

मी बारा वर्षांचा असताना एका उन्हाळी शिबिरात आमच्या तंबूत पाणी शिरलं. अवकाळी पाऊस येणार हे संध्याकाळीच दिसत होतं, म्हणून प्रत्येक गटाला तंबूपाशी चर खणायला सांगितलं होतं. आम्ही पाच जण. हाताशी दोन खुरपी. एका बाजूची जमीन मऊ होती, दुसऱ्या बाजूला नुसते दगडगोटे. आम्ही अर्थातच मऊ बाजूला खणलं, आणि झकास खणलं. कडा सरळ, काढलेली माती बाहेरून थापून बसवलेली. गडबड एवढीच, की मऊ बाजू उताराकडची होती. पाणी चढाकडून येतं, हे पाचांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमचा गटप्रमुख पंधरा वर्षांचा होता, त्याला सगळे दादा म्हणत. तो आला, चराकडे पाहिलं, "झालं?" एवढंच विचारलं आणि पुढच्या तंबूकडे गेला.

मध्यरात्री पाठीला गार लागलं म्हणून उठलो, तर सतरंजी भिजून जड झालेली, आणि शेजाऱ्याची एक चप्पल पायथ्याशी तरंगत होती. पुढचा तासभर आम्ही अंधारात एकमेकांवर ओरडत पाणी उपसत होतो. तंबूतून वाहत गेलेलं पाणी मात्र पलीकडे आमच्या त्या सुबक चरात अगदी शिस्तीत जमा होत होतं. सकाळी दादा कुदळ घेऊन आला, ती आमच्यापुढे टाकली आणि म्हणाला, "आता?"

पुढे मी धंद्यात पडलो. एक कंपनी बंद पडता पडता वाचली, दुसरी खरोखरच बंद पडली, तिसरी चालू आहे. एवढ्या भांडवलावर माणसाला भाषणाला बोलवायला लागतात. तिथे हा चराचा किस्सा मी बरीच वर्षं सांगितला. चूक आपली, भिजायचं आपण, दुरुस्त करायचं आपण, हा उद्योजकतेचा पहिला धडा मी त्या रात्री शिकलो, वगैरे. टाळ्या पडायच्या. एकदा भाषण संपल्यावर समोर एक ओळखीचा चेहरा आला. आमच्याच तंबूतला. मिठी मारली आणि म्हणाला, "छान बोललास. पण अरे, त्या पाण्यात मीसुद्धा झोपलो होतो. मी जन्मभर एकाच कचेरीत नोकरी केली."

त्या दिवसानंतर तो किस्सा मी त्या अर्थाने सांगणं सोडलं. पाच जण भिजले, एक धंद्यात गेला. या हिशोबातून शिबिराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तरी गेली काही वर्षं हाच हिशोब मांडून मोठा बाजार उभा राहिला आहे. यशस्वी संस्थापक मुलाखतीत बालपणीची एखादी सुट्टी आठवतो, पालक ती मुलाखत वाचतात, आणि कुणीतरी 'बालउद्योजक शिबिरा'ची जाहिरात करतो. शिक्षणाची धोरणं आखणारेही आता त्याच भाषेत बोलू लागले आहेत. म्हणून शिबिरं उद्योजक घडवतात का, हा प्रश्न निव्वळ स्मरणरंजनाचा उरलेला नाही. पैसा कुठे घालायचा, असा तो प्रश्न आहे.

आधी त्या मुलाखतींकडे पाहू. जेफ बेझोस वयाच्या चौथ्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंतच्या सुट्ट्या टेक्सासमध्ये आजोबांच्या कुरणावर घालवत असे. पवनचक्क्या दुरुस्त करणं, गुरांना लसी टोचणं, बिघडलेलं अवजड यंत्र खोलून बसवणं. आपलं आपण निभावायला तिथे शिकलो, असं तो सांगतो, आणि त्यावर अविश्वास दाखवायचं मला कारण नाही. पण १९९५ मध्ये त्याच्या कंपनीत त्याच्या आईवडिलांनी सुमारे अडीच लाख डॉलर घातले होते, आणि पवनचक्कीची गोष्ट जितक्या प्रेमाने सांगितली जाते तितक्या प्रेमाने ही रक्कम सांगितली जात नाही. स्टीव्ह जॉब्सने बारा-तेरा वर्षांचा असताना टेलिफोनच्या पुस्तकात नंबर शोधून ह्युलेट-पॅकार्ड या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा संस्थापक बिल ह्युलेट याला थेट घरी फोन केला, यंत्राचे सुटे भाग मागितले, आणि भागांबरोबर सुट्टीत त्याच्या कारखान्यातलं कामही मिळवलं. फोन करायची छाती त्याचीच. पण ह्युलेटचा नंबर स्थानिक पुस्तकात सापडावा अशा गावात राहणं, हे त्याचं कर्तृत्व नव्हे. आणि उन्हाळी शिबिराचे गोडवे ज्याने सगळ्यांत मोकळेपणाने गायले, तो डिस्नेचा माजी प्रमुख मायकेल आयस्नर व्हरमाँटमधल्या कीवेडिन शिबिराला आपल्या घडणीचं श्रेय देतो. पण आयस्नर संस्थापक नव्हे. दुसऱ्याने काढलेली कंपनी त्याने चालवली, आणि ती कला वेगळी आहे.

म्हणजे गाजलेल्या तीन उदाहरणांत एक कुरण, एक कारखाना आणि एक शिबिर, आणि शिबिरवाला उद्योजक नाहीच.

आठवणी बाजूला ठेवून आकडे पाहिले, तर शिबिराला आणखी मागच्या बाकावर बसावं लागतं. स्वीडनमधल्या दत्तक मुलांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आई किंवा वडील स्वतःचा व्यवसाय करणारे असतील, तर मूल त्या वाटेला जाण्याची शक्यता साधारण ६० टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. दत्तक मुलांमध्ये जन्मदात्यांचाही वाटा होता, पण वाढवणाऱ्यांचा त्याच्या दुप्पट. जेवताना घरात कशाबद्दल बोललं जातं, याचा परिणाम दोन आठवड्यांच्या तंबूपेक्षा जास्त असणार, हे समजायला अभ्यासाचीही गरज नव्हती म्हणा. रॉस लेव्हिन आणि योना रुबिनस्टीन या अर्थतज्ज्ञांचा २०१७ चा अमेरिकी अभ्यास जास्त खट्याळ आहे. पुढे रीतसर कंपनी काढणारे लोक किशोरवयात कसे होते? बुद्धीच्या चाचण्यांत पुढे, स्वतःबद्दल बरं मत असलेले, सुस्थितीतल्या घरांतले, आणि इतरांपेक्षा जास्त नियम मोडणारे. वर्गातला शहाणा आणि वांड, दोन्ही एकाच शर्टात. शिबिराच्या माहितीपत्रकावर हे वाक्य कुणी छापणार नाही.

वयाचीही एक गोष्ट आहे. महाविद्यालय सोडून गॅरेजमध्ये कंपनी काढणारा पोरगा हे चित्र आपल्या डोक्यात घट्ट बसलं आहे. प्रत्यक्षात अमेरिकेत सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी काढतानाचं सरासरी वय ४५ आहे, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं. बाराव्या वर्षीचं शिबिर आणि पंचेचाळिसाव्या वर्षीची कंपनी यांच्यामध्ये तेहतीस वर्षं जातात. नोकऱ्या, लग्न, आजारपणं, कर्जं, एखादा चांगला किंवा अत्यंत वाईट साहेब. एवढ्या गर्दीतून तंबूतल्या एका रात्रीचा धागा ओढून काढणारा माणूस एक तर लेखक असतो, नाही तर भाषण देत असतो.

मग शिबिर निरुपयोगी? नाही. मुलाच्या डोक्यात काय भरलं जातं, हे विचारणं सोडलं आणि मुलाच्या हातात काय दिलं जातं, हे विचारलं, की चित्र बदलतं.

नेदरलँड्समध्ये काही वर्षांच्या अंतराने दोन अभ्यास झाले. पहिल्यात, २०१० च्या, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक छोटी कंपनी चालवायला लावली होती. वर्षअखेरीस त्यांची कौशल्यं वाढल्याचं दिसलं नाही, आणि उद्योजक व्हायची इच्छा तर उलट घटली. (मला यात वाईट काही दिसत नाही. कंपनी म्हणजे काय ते कळल्यावर इच्छा कमी होणं हे समजूतदारपणाचंच लक्षण.) दुसरा, २०१४ चा, प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या, अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा. तिथेही मुलांनी गट करून खेळातली कंपनी चालवली, आणि तिथेही धंद्याचं ज्ञान वाढलं नाही. पण धोका पत्करण्याची तयारी, चिकाटी, आपल्याला जमेल हा भरवसा, अशा स्वभावाशी जोडलेल्या गोष्टींत स्पष्ट फरक पडला. लहान वयात डोक्यात काही शिरलं नाही, अंगात मात्र मुरलं. म्हणजे बाराव्या वर्षी नफा-तोटा पत्रक शिकवणं वाया जातं, पण बाराव्या वर्षी काहीतरी आपल्या जबाबदारीवर पार पाडायला लावणं वाया जात नाही.

शिवाय ही खिडकी बाराव्या वर्षीच उघडते आणि मग कायमची बंद होते, असंही नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोमध्ये सुमारे दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला. एका गटाला नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण मिळालं: हिशोब, विपणन वगैरे. दुसऱ्या गटाला पुढाकाराचं प्रशिक्षण मिळालं: वाट न पाहता सुरुवात कशी करायची, अडथळा आला की दुसरी वाट कशी काढायची. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. पुढाकारवाल्यांचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला, हिशोबवाल्यांच्या नफ्यातली वाढ खात्रीने सांगावी इतकी नव्हती. ही सगळी मोठी माणसं होती. त्यामुळे 'आत्ताच नाव नोंदवा, नाही तर मुलाची संधी जाईल' असं कुणी सांगत असेल, तर तो त्याच्या रिकाम्या जागांबद्दल बोलतो आहे.

हे अंगात मुरणारं जे काही आहे, ते नेमकं कशाने मुरतं? इथे मला एक जुना, साधा प्रयोग फार बोलका वाटतो. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या आयोवात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळं बनवली. शाळा सुटल्यावर मुखवटे बनवायचे, असली कामं. काही गटांचा प्रमुख हुकूमशहा: पुढची पायरी फक्त त्याला ठाऊक. काहींचा प्रमुख मुलांशी ठरवून काम करणारा. काहींचा नुसताच बसून राहणारा. मग प्रमुख मुद्दाम खोलीबाहेर जायचा. हुकुमावर चालणाऱ्या गटात त्याची पाठ वळताच काम थंडावायचं. मिळून ठरवणाऱ्या गटात तो असो वा नसो, मुखवटे बनत राहायचे. आणि सगळं वाऱ्यावर सोडलेल्या गटात धड काम उभंच राहत नसे.

धंदा म्हणजे प्रमुख कायमचा खोलीबाहेर गेलेला असणं. कुणी सांगणारा नाही, कुणी तपासणारा नाही, आणि मुखवटा तर पूर्ण झाला पाहिजे. शिबिराने काही द्यायचं असेल तर या अवस्थेची सवय द्यावी. त्यासाठी शिबिराचं नाव उद्योजकतेचं असायची गरज नाही. चर खणणं, दहा जणांचा स्वयंपाक, नकाशा घेऊन रस्ता शोधणं, भांडलेल्या दोघांना एकाच नावेत बसवणं, काहीही चालतं. अट एकच, काम खरं असावं आणि बिघडलं तर बिघडू द्यावं.

ही कल्पना नवी नाही, शिबिरांच्या जन्मापासूनची आहे. १८८१ मध्ये अर्नेस्ट बाल्च या तरुण विद्यार्थ्याने न्यू हॅम्पशायरमधल्या एका तळ्यातल्या बेटावर चोकोरुआ नावाचं शिबिर सुरू केलं. श्रीमंत घरांतली मुलं उन्हाळ्यात आईवडिलांबरोबर हॉटेलांत राहून आळसावतात, हे त्याला बघवत नव्हतं. त्याच्या बेटावर नोकर नव्हते. स्वयंपाक, भांडी, बांधकाम, नावा, सगळं मुलांनी करायचं. पैशाचा व्यवहार तर विशेष पाहण्यासारखा. मुलांना ठरलेला खर्च मिळे. त्यापेक्षा जास्त हवे असतील तर घरी पत्र लिहून चालत नसे, बेटावरचं एखादं काम अंगावर घ्यावं लागे. कामांसाठी मुलं बोली लावत. बेटाची स्वतःची बँक होती. पैसा कमावला तर होता, नाही तर नव्हता.

याच्या शेजारी आजचं बालउद्योजक शिबिर ठेवून पाहा. मला एकदा अशा एका शिबिराच्या शेवटच्या दिवशी परीक्षक म्हणून बोलावलं होतं. आठवड्याभरात मुलांनी 'कंपन्या' काढल्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांचा बाजार होता. एका टेबलापाशी नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी. गळ्यात 'सीईओ' लिहिलेली पट्टी. विकायला रंगवलेले दगड, कागद उडू नयेत म्हणून ठेवायचे. "आमचा टार्गेट कस्टमर म्हणजे वर्क फ्रॉम होम करणारे लोक," असं तिने एका दमात सांगितलं. मी विचारलं, "यातला सगळ्यात वाईट रंगवलेला दगड कुठला?" ती गडबडली आणि मागे उभ्या असलेल्या ताईंकडे बघायला लागली. ताई हसून म्हणाल्या, "वाईट झालेले आम्ही काल रात्रीच बाजूला काढले."

मग हिशोबाची वही बघितली. सुंदर अक्षर, नफा चांगला. रंगांचा खर्च कुठे दिसेना. रंग आयोजकांनी दिले होते. गिऱ्हाईक कोण? बहुतेक सगळे आईवडील. शेवटी उरलेले दगड मुलीच्या आईने एकरकमी विकत घेतले आणि टेबलावर 'सोल्ड आऊट'ची पाटी लागली. मुलगी खूश, आई खूश, ताई खूश. मी तिला चांगले गुण दिले, कारण मी भेकड आहे. पण घरी जाताना राहून राहून ते वाईट दगड आठवत होते. त्या मुलीला त्या आठवड्यात एकमेव खरी गोष्ट भेटली असती, ती म्हणजे कुणीच न घेतलेला दगड. नेमका तोच रातोरात नाहीसा केला गेला. तिला उद्योजकतेचा पोशाख मिळाला. उद्योजकतेत मधूनमधून जी शरम वाटते, ती मात्र वाट्याला येऊ दिली नाही.

आता दुसरी बाजू, कारण शिबिराला देवघरात नेऊन बसवायचा माझा बेत नाही. १९५४ मध्ये मुझाफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमात २२ मुलांचं एक शिबिर भरवलं, ते मुळात प्रयोगासाठीच. दोन गट, आधी एकमेकांपासून दूर ठेवलेले, मग बक्षिसांच्या स्पर्धेत समोरासमोर. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, रात्री खोल्यांवर धाडी घालणं सुरू झालं. नुसतं एकत्र जेवायला बसवून भागलं नाही. पाण्याचा पुरवठा बंद पडला आणि सगळ्यांना मिळूनच तो शोधावा लागला, हव्या असलेल्या सिनेमासाठी दोन्ही गटांना पैसे एकत्र करावे लागले, तेव्हा कुठे वैर ओसरलं. हा प्रयोग सगळे सांगतात. त्याआधीच्या वर्षी शेरीफचा असाच एक प्रयोग फसला होता, तो कमी लोकांना माहीत असतो. तिथे मुलांची आधीच मैत्री झाली होती, आणि मोठी माणसं आपल्यात मुद्दाम काड्या घालताहेत याचा त्यांना वास आला. ती भांडायलाच तयार होईनात. मला ही फसलेली आवृत्ती जास्त आवडते. मुलांना खोटी अडचण ओळखता येते. स्पर्धा, बक्षिसं, गुणफलक यांवर चालणारी शिबिरं 'जगात असंच असतं' म्हणून स्वतःचं समर्थन करतात. जगात कुणी मुद्दाम टाकीची तोटी बंद करून झुडपामागून टिपणं काढत बसत नाही.

आणि मोकळीक द्या म्हटलं की ती कुणाच्या हाती जाते, हेही पाहावं लागतं. आमचा दादा भला होता. दुसऱ्या कुठल्या तंबूत पंधरा वर्षांचा दांडगट प्रमुख असेल, तर तिथल्या मुलांसाठी तीच मोकळीक म्हणजे दोन आठवड्यांची शिक्षा. रात्री उशीत तोंड खुपसून रडणारं मूल प्रत्येक शिबिरात असतं, आणि त्या रडण्यातून ते 'कणखर' होतंच, असं मानणाऱ्यांचा मला राग येतो. पाणी, आग, औषधं आणि मुलांच्या अंगाला हात लावणारी मोठी माणसं, या चार बाबतींत नियम पोलादी हवेत, सूट शून्य. ढिलाई उरलेल्यात हवी. आपल्याकडून बहुतेकदा उलटं होतं: भात करपू नये म्हणून तीन मोठी माणसं चुलीपाशी उभी, आणि रात्री तंबूंकडे फिरकायला कुणी नाही.

माझा खरा मुद्दा मात्र याच्याही पुढचा आहे. तो माझ्या मित्राच्या त्या वाक्यानंतर हळूहळू सुचत गेला. अंगावर खरी जबाबदारी पडल्याने उद्योजक घडत असतील, तर गरीब घरांतून त्यांची रांग लागायला हवी होती. तिथली दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, चूल बघते, उधारी लक्षात ठेवते. तिला शिबिराची गरज नाही, तिचा उन्हाळाच तसा आहे. मग कंपन्या सुस्थितीतल्या घरांतूनच का निघतात?

कारण तिची चूक तिला परवडत नाही. आमचा बिछाना भिजला. सकाळी ऊन पडलं, दोरीवर सतरंज्या वाळल्या, न्याहारी वेळेवर मिळाली. तिचा बिछाना भिजला तर घरात दुसरा नसतो. तिच्या चुकीला किंमत आहे, पण सकाळचं ऊन नाही. दगड विकणाऱ्या त्या सीईओ मुलीचं उलटं: तिच्याभोवती लख्ख ऊन आहे, पण बिछाना कधी भिजूच दिला जात नाही. पहिली मुलगी चूक करायला घाबरायला शिकते, दुसरी मुलगी चूक ओळखायला शिकत नाही. धंद्याला दोन्ही लागतं. फटका खरा लागायला हवा आणि त्यातून उठायला जागाही हवी. बेझोसला पवनचक्की मिळाली आणि अडीच लाख डॉलरही मिळाले. नुसती पवनचक्की मिळालेली मुलं जगात पुष्कळ आहेत, त्यांच्या मुलाखती होत नाहीत.

अमेरिकेत पेटंट घेणाऱ्यांच्या बालपणाचा माग काढणारा एक प्रचंड अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं संशोधक होण्याची शक्यता मध्यम उत्पन्नाखालच्या घरांतल्या मुलांच्या दहापट निघाली. शाळेत गणितात सारखेच हुशार असलेल्यांतही ही दरी पुरती मिटत नव्हती. मोठा फरक पडत होता तो लहानपणी आसपास कोण दिसतं याने. ज्या मुली स्त्री संशोधकांच्या सहवासात वाढल्या, त्या स्वतः त्या वाटेने जास्त गेल्या. पुरुष संशोधक दिसल्याने मुलींच्या बाबतीत तसा फरक पडला नाही.

शिबिराचा सार्वजनिक उपयोग मला इथे दिसतो. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं बालवीर (स्काउट) शिबिर घेतलं, तेव्हा वीसेक मुलांत निम्मी उच्चभ्रू शाळांतली आणि निम्मी कामगारवस्त्यांतली होती, आणि ती एकाच टोळीत मिसळलेली होती. टोळीचा नायकही मुलांतलाच. बेडन-पॉवेलच्या साम्राज्यभक्तीशी माझं देणंघेणं नाही, पण ही मिसळण त्याला सुचली होती. आजचं शिबिर मुलांना फीच्या पावतीने आधीच गाळून घेतं. त्यामुळे ज्याला फटका हवा तो आणि ज्याला ऊन हवं तो एका तंबूत येतच नाहीत.

म्हणून शाळा, पालिका, देणगीदार यांना कुणी विचारलं, तर मी म्हणेन, उद्योजकतेचा अभ्यासक्रम, पट्ट्या, व्यवसाय आराखडे, परीक्षक (मीसुद्धा), हा सगळा खर्च आधी कापा. त्या पैशात न परवडणाऱ्या मुलांसाठी जागा घ्या, आणि निम्म्या जागा त्यांच्याच ठेवा. दोनचार नाही, निम्म्या, म्हणजे ती पाहुणी ठरणार नाहीत. गटप्रमुखांना शिकवायचं असेल तर हात मागे बांधून उभं राहायला शिकवा. ते सगळ्यांत अवघड आहे. मी माझ्या कंपनीत अजून शिकतो आहे. नवीन मुलगी काहीतरी चुकीचं करताना दिसली की माझी जीभ आधी वळवळते. शिबिर निवडणाऱ्या पालकांनी माहितीपत्रक वाचू नये. गेल्या वर्षी मुलांकडून काय काय बिघडलं आणि मग काय झालं, एवढंच आयोजकांना विचारावं. 'काहीच बिघडलं नाही' असं उत्तर आलं, तर पैसे वाचवावेत.

इतकं करून उद्योजक वाढतील का? कदाचित नाही. आमच्या तंबूचं प्रमाण पाचात एक होतं, आणि तो एकही दोनदा आपटलेला. त्या कचेरीतल्या मित्राने मात्र तीस वर्षांत साहेबाच्या तोंडावर दोनदा 'हे चूक आहे' असं लिहून दिलं, हे मला त्याच्या निवृत्तीच्या समारंभात कळलं. उद्योजकांच्या मोजणीत ते धरत नाहीत.

त्याच समारंभाला दादाही आला होता. आता साठीचा, गुडघ्यांनी बेजार. इतक्या वर्षांनी मी त्याला विचारलं, "दादा, चर चुकीच्या बाजूला आहे हे तुला संध्याकाळीच दिसलं होतं ना रे? तू मुद्दाम बोलला नाहीस?" माझ्या भाषणांची सगळी इमारत त्या मौनावर उभी होती.

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "छे रे," म्हणाला. "मला काय माहीत कुठल्या बाजूला खणतात? माझापण तंबू भिजला होता."

"मग सकाळी कुदळ घेऊन आलास ती?"

"ती कोठीतून ढापली होती. परत ठेवायची राहिलीच."